मुलाखतीला जाताना

(नोकरी शोधणाऱ्या मैत्रिणींच्या मेळाव्यात केलेले भाषण)



आपल्या केंद्रावर येणारी एक ताई मध्यंतरी हिशेबनिसाच्या जागेसाठी मुलाखत देऊन आली. "बारा वर्षं काय करत होता?" असं साहेबांनी विचारलं. ती म्हणाली, "काही नाही, घरीच होते." या बारा वर्षांत तिनं भिशीचा हिशेब ठेवला, बचत गटाच्या कामासाठी बँकेत खेपा घातल्या, सासऱ्यांचं आजारपण काढलं. म्हणजे नेमकं जे काम हवं होतं, तेच तिनं लपवलं! आपल्या कामाला "काही नाही" म्हणणं ही आपली पहिली चूक. काय केलं, किती वर्षं केलं, किती रुपयांचा हिशेब सांभाळला, ते नीट सांगा.

दुसरी चूक कागदपत्रांची. शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव, आधार कार्डावर सासरचं. ऐनवेळी धांदल उडते. लग्नाचा दाखला किंवा नावबदलाचं राजपत्र बरोबर ठेवा. मूळ प्रमाणपत्रं दाखवा, पण ठेवून घेऊ देऊ नका, प्रती द्या. नोकरीसाठी कुणी 'अनामत' मागितली तर तिथून सरळ उठा.

तिसरी, नवऱ्याला किंवा भावाला आत नेणं. सोबत यायला हरकत नाही, पण त्यानं बाहेर बसावं. उत्तरं तुमची हवीत.

चौथी, पगार विचारला की "तुम्ही द्याल तो" म्हणणं. आधी चौकशी करा आणि आकडा सांगा. समान कामाला समान वेतन हा कायदा १९७६ साली झाला. आज ही तरतूद वेतन संहितेत आहे.

आणि मग तो प्रश्न येतोच: "मुलांना कोण बघेल? आणखी मूल होऊ देणार का?" आयुर्विमा महामंडळाच्या फॉर्मवर एके काळी स्त्री उमेदवारांना मासिक पाळीची आणि गर्भारपणाची माहिती लिहावी लागे. त्यावरून नोकरी गेलेली एक स्त्री सर्वोच्च न्यायालयात गेली. १९९१ साली न्यायालयानं तिला कामावर परत घ्यायला लावलं आणि असे रकाने काढून टाकायला सांगितलं.

नोकरीची निकड असताना टेबलापाशी भांडता येत नाही, हे मला कळतं. "कामाच्या वेळा मी पाळीन," एवढंच म्हणा आणि बोलणं पुन्हा कामावर आणा. पोटतिडकीनं खुलासे देत बसू नका.

एक कबुली देते. एकदा मुलाखत घेणाऱ्यांत मीही होते. एका उमेदवार बाईंना मी विचारलं, "मुलांचं काय कराल?" त्यानंतर आलेल्या पुरुषाला विचारलं नाही. त्यालाही दोन मुलं होती. तेव्हा सगळ्याच चुका उमेदवाराच्या नसतात.

चला, आता दोघीदोघींच्या जोड्या करू. एक साहेब, एक उमेदवार. पहिला प्रश्न: "इतकी वर्षं काय करत होता?"