दोन जिवांचा प्रवास

(१९९९ च्या दहावी तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला फोन केला आणि म्हणाले, "तू आपल्या तुकडीतली इंजिनिअर. तुझ्या यशाच्या प्रवासावर दहा मिनिटं बोल." मी हो म्हणाले. पण लिहायला बसले तर यशाचं काही सुचेना. एक प्रवास मात्र सारखा आठवत राहिला. त्या प्रवासात मी भ्यायले होते. आज त्याच भीतीबद्दल बोलते. आपल्या माणसांत भीतीबद्दल बोलायला लाज वाटत नाही.

विज्ञानाचे सर समोरच बसलेत. सर, धडा संपला की तुम्ही विचारायचात, "कुणाला काही शंका?" आणि आम्ही साठ जण गप्प. कळलेलं नसायचंच. पण हात वर केला तर बाकीचे हसतील, ही धास्ती असायची. ती सवय माझ्याबरोबर धारूरहून औरंगाबादला इंजिनिअरिंगला आली आणि तिथून पुण्याला नोकरीतही आली.

२०१२ सालची गोष्ट. मला सातवा महिना लागला होता. आमच्या कंपनीने एका बँकेसाठी नवी प्रणाली केली होती आणि ती बंगळूरला सुरू करून द्यायची होती. साहेबांनी विचारलं, "तू जाशील ना? तीनच दिवसांचं काम आहे." मी क्षणाचाही विचार न करता हो म्हणाले. त्या गटात मी एकटीच बाई होते. नाही म्हटलं तर पुढच्या कामातून आपलं नाव गळेल, असं मनात होतं. बाळंतपणाची रजा तेव्हा कायद्याने १२ आठवडेच होती. २०१७ साली ती २६ आठवडे झाली. त्या १२ आठवड्यांतला एकही दिवस आधी खर्च करायची माझी तयारी नव्हती.

हो तर म्हणून बसले, आणि त्या रात्रीपासून झोप उडाली. विमान हललं तर? वर हवा विरळ असते, बाळाला कमी पडली तर? कळा सुरू झाल्या तर वर डॉक्टर कुठून आणायचा? एरवीही मला विमानाची भीती होतीच. आपण कुठल्या गावचे, बघा. बीडला रेल्वे यायला २०२५ चा सप्टेंबर उजाडावा लागला. मी पहिल्यांदा आगगाडीत बसले तेव्हा कॉलेजात होते, आणि विमानात बसले तेव्हा नोकरीला दोन वर्षं झाली होती. त्यात आईचा फोन, "दोन जिवाची बाई, एवढ्या उंच कशाला जायलीस?" आईला मी म्हणाले, "काही होत नाही गं." आणि फोन ठेवून रडले.

ऑफिसात कुणाला सांगितलं नाही. नवऱ्यालाही नाही. दर महिन्याच्या तपासणीला गेले, सगळं ठीक आहे म्हणून डॉक्टरबाईंनी फाइल बंद केली, मी उठले, दारापर्यंत गेले आणि मग मागे वळून म्हणाले, "मॅडम, मला विमानाने जायचंय. आणि मला फार भीती वाटतेय." त्या हसल्या नाहीत. "बसा," म्हणाल्या. "कशाकशाची भीती वाटते ते एकेक करून सांगा."

मी एकेक सांगत गेले आणि त्या उत्तरं देत गेल्या. ती उत्तरं तुम्हालाही सांगते. तुमच्या लेकीसुनांवर ही वेळ येईल, काहींवर आलीही असेल.

पहिली शंका हवेची. विमान ३५ हजार फुटांवर उडत असलं तरी आतली हवा यंत्राने दाबलेली असते. आत बसलेल्या माणसाला सहा ते आठ हजार फुटांवर असल्यासारखं वाटतं, म्हणजे साधारण सिमल्याला गेल्यासारखं. पोटातल्या बाळाचं रक्त तर प्राणवायू धरून ठेवण्यात आपल्या रक्ताहून तरबेज असतं. निरोगी आईच्या बाळाला त्याचा त्रास होत नाही.

दुसरी शंका विमानतळावरच्या तपासणीची. ज्या चौकटीतून आपण चालत जातो, ती धातू शोधणारी असते. तिच्यात क्ष-किरण नसतात.

तिसरी शंका विमान हलण्याची. हेलकावे बसतात ते हवेच्या प्रवाहांमुळे, आणि विमान ते सोसायलाच बांधलेलं असतं. आपण मात्र पट्टा सोडायचा नाही. तो पोटावरून न घेता पोटाच्या खाली, मांड्यांच्या वर कंबरेला बांधायचा. पंखांजवळच्या जागेवर हेलकावे कमी जाणवतात.

मग त्यांनी अशी एक गोष्ट सांगितली, जिची मला भीतीच वाटली नव्हती. पोटुशी असताना रक्त गोठण्याची शक्यता वाढते. तासन्‌तास पाय लोंबकळत ठेवून बसलं तर पायाच्या शिरेत गुठळी होऊ शकते. विमान, बस, मोटार सगळीकडे हे लागू आहे. म्हणून कडेची जागा घ्यायची, पाणी पीत राहायचं, थोड्या थोड्या वेळाने उठून चालायचं, बसल्या जागी घोटे फिरवायचे. "बघा," त्या म्हणाल्या, "ज्याची भीती बाळगायला हवी ते तुमच्या यादीत नव्हतंच."

शेवटी म्हणाल्या, "तुम्हाला रक्तदाब नाही, रक्तस्राव नाही, जुळी नाहीत. तुम्ही जाऊ शकता. यातलं काही असतं तर मीच जाऊ दिलं नसतं." त्यांनी पत्रही लिहून दिलं. आपल्याकडच्या बऱ्याच विमान कंपन्या ३२ आठवड्यांपर्यंत पत्र मागत नाहीत, त्यानंतर मागतात, आणि ३६ आठवड्यांनंतर सहसा घेत नाहीत. नियम कंपनीगणिक वेगळे असतात, तिकिटाआधी विचारून घ्यावं. माझे तेव्हा २८ आठवडे झाले होते. पत्राची गरज नव्हती, तरी ते पर्समध्ये आहे या आधारानेच मला त्या रात्री झोप लागली.

आणखी एक काम केलं. साहेबांना जाऊन सांगितलं, की मी जाते, पण मला सकाळचं विमान द्या, एक सहकारी बरोबर द्या, आणि पुढच्या खेपेचं काम फोनवरून करू द्या. ते म्हणाले, "मग हे आधी का नाही बोललीस?" पंधरा दिवस मी ज्या माणसाच्या उत्तराला घाबरत होते, त्याचं उत्तर एवढंच होतं.

भीती गेली का? नाही गेली. विमान उतरायच्या आधी ढगांत शिरलं आणि असं हललं, की मी खुर्चीचा दांडा घट्ट धरला. हवाई सुंदरी समोर बसली होती. तिला म्हणाले, "मला भीती वाटतेय." ती म्हणाली, "पाच मिनिटांत खाली जाऊ. माझ्याकडे बघा, आणि श्वास हळूहळू सोडा." धारूरच्या घाटात एस.टी. वळणं घ्यायची, तेव्हा आजी माझा हात धरून वळणं मोजायला लावायची. तसे मी श्वास मोजले. तेवढ्यात पोरीने पोटात लाथ मारली. तिला काहीच पडलेलं नव्हतं.

इथपर्यंतची गोष्ट माझी. आता जी सांगते ती आपल्यातल्याच एकीची. ती आज इथे बसली आहे. नाव घेणार नाही. काल फोनवर तिला हे सगळं वाचून दाखवलं आणि तिने हो म्हटल्यावरच आणलं.

बंगळूरहून परत आल्यावर दिवाळीला मी माहेरी आले. २०१२ चा तो दुष्काळ तुम्हाला आठवत असेल. रब्बीची आशाच नव्हती, गावंच्या गावं उसाला निघाली होती. भाऊबीज झाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी वेशीजवळ ट्रक भरत होता. भांडी, सरपण, शेळी, कोपीचा सांगाडा, लेकरं. त्यात ती दिसली. सातवीपर्यंत आम्ही एका बाकावर बसायचो. तिचं गणित माझ्यापेक्षा चांगलं होतं, हे गणिताच्या बाईंनाही आठवत असेल. तिचंही पोट दिसत होतं. मी विचारलं, "कितवा?" म्हणाली, "सातवा सरत आला." माझ्याएवढेच दिवस.

तिला माझं आधीच कळलं होतं. "विमानात बसून आलीस म्हणं? पोटुशी असून? भ्या नाही वाटलं व्हय?"

मी तिला सगळं सांगितलं. डॉक्टरबाई, पत्र, पट्टा, कडेची जागा. ती मन लावून ऐकत होती. मग मी विचारलं, "आणि तुला? एवढ्या लांब, या ट्रकमधून?"

ती हसली. "आमच्या भ्याला कोण विचारतंय, बाई. उचल घेतलीय. गाडी निघाली की निघायचं."

ट्रक निघाला. तिला रात्रभर प्रवास करायचा होता, सामानावर बसून. उठून चालायला जागा नव्हती, मध्ये कुठे थांबायचं ते ड्रायव्हरच्या मनावर होतं. पुढे पौषात, फडाशेजारच्या कोपीत ती बाळंत झाली. टोळीतल्या म्हाताऱ्या बाईने नाळ कापली. बाराव्या दिवशी ती मोळ्या बांधायला फडात होती, कारण खाडा झाला तर तो उचलीत चढतो. त्याच सुमाराला माझी मुलगी पुण्याच्या दवाखान्यात झाली आणि मी तीन महिने घरी होते. आमची दोघींचीही लेकरं धडधाकट आहेत. पण ज्यांची नाहीत, अशा बायाही आपल्या गावात आहेत.

२०१९ साली आपल्या जिल्ह्याचं नाव देशभर झालं ते तुम्हाला माहीत आहे. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने समिती नेमली. तेव्हाच्या पाहणीत जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. म्हणजे सहा जणींमागे एक. त्यातल्या कित्येक जणींनी सांगितलं, की आम्हाला कॅन्सरची भीती घातली होती. हे वाचलं तेव्हा मला माझ्या डॉक्टरबाई आठवल्या. त्यांनी मला बसवून माझी भीती खरी माहिती देऊन लहान केली. इथे अडाणीपणाचा फायदा घेऊन बायांची भीती मोठी केली गेली. भीती मलाही होती आणि त्यांनाही होती. मला विचारायला जागा होती, ऐकणारं माणूस होतं, पाठीशी रजेचा कायदा होता. माझं धाडस म्हणाल तर तेवढंच.

म्हणून आज आपल्या तुकडीकडे एक मागणं आहे. आपल्यात तीन डॉक्टर आहेत, दोन आशाताई आहेत, चार शिक्षक आहेत. दरवर्षी दसऱ्याच्या आधी शाळेच्या पटांगणात एक दिवस ठेवू. उसाला जाणाऱ्या पोटुशी बायांची तपासणी करू. माता-बाल संरक्षण कार्ड प्रत्येकीच्या पिशवीत असेल, हे बघू. कारखान्याजवळच्या सरकारी आरोग्य केंद्रातही तिला तपासायलाच हवं, हे तिला सांगू. १०८ ची रुग्णवाहिका मोफत असते आणि दुसऱ्या जिल्ह्यातही येते, हा आकडा तिच्या आणि नवऱ्याच्या, दोघांच्या फोनमध्ये घालून देऊ. आणि जिचे दिवस भरत आलेत तिला गावातच ठेवता येईल का, यासाठी मुकादमाशी बोलायला दोघं-तिघं जाऊ. मुकादमही आपल्याच गावचे आहेत, काही तर आपल्याच शाळेचे. खर्चाचा माझा वाटा मी आजच देते. पण पैशापेक्षा तुमचा एक दिवस जास्त लागेल.

त्या दिवशी बाया आल्या, की आधी औषधं द्यायची नाहीत. डॉक्टरबाईंनी मला विचारलं तेच प्रत्येकीला विचारायचं, "तुला कशाकशाची भीती वाटते?" आणि ती बोलून होईपर्यंत थांबायचं.

काल हे वाचून दाखवल्यावर फोनवर मैत्रीण थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "सांग सगळं. माझ्या लेकीचं बी सांग, नर्सिंगला हाय ती. दसऱ्याच्या दिवसाला तिला बी बोलवा." मी तिला विचारलं, की तेव्हा ट्रकमध्ये भीती वाटली होती का. तेरा वर्षांनी विचारलं. ती म्हणाली, "लई वाटली होती, बाई. रातभर पोटावर हात ठेवून बसले होते."

सर, तुमच्या प्रश्नाला आज माझा हात वर आहे. दसऱ्याच्या आधीच्या त्या दिवसाला माझ्याबरोबर कोण येणार, एवढीच माझी शंका आहे.