आपल्या कुंपणाचा अडुळसा
(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात सभासदांसमोर केलेले भाषण)



पूर्वेकडचं कुंपण काढून तिथे पार्किंग करायचा विषय सर्वसाधारण सभेपुढे येणार आहे. मत देण्याआधी ते कुंपण कशाचं आहे हे तरी माहीत असावं, कारण नवे राहायला आलेले बरेच जण त्याला मेंदीच म्हणतात. तो अडुळसा आहे.

सोसायटी झाली तेव्हा शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर शेळ्या चरायच्या. आपण लावू ते फस्त! शेळी बहुतेक कुठलाही पाला खाते, पण अडुळशाला सहसा तोंड लावत नाही. कडूजहर असतो. म्हणून तो लावला. रोप एकही विकत आणलं नाही. पावसाच्या सुरुवातीला पेन्सिलीएवढ्या जाड, वीतभर फांद्या कापल्या, दोन पेरं मातीत जातील अशा दीड-दीड फुटावर खोचल्या. पहिल्या उन्हाळ्यात पाणी घातलं, तेवढंच. पुढे टँकरच्या दिवसांतही तो हिरवा राहिला.

त्याची एकच खोड आहे: वर वाढतो आणि खाली उघडा पडतो. झोपाळ्यापाशी तसंच झालंय. तिथे शेंड्याला कात्री लावून उपयोग नाही. पावसाच्या तोंडावर सरळ गुडघ्याएवढा छाटायचा, बुंध्यापासून धुमारे फुटतात. माळी कचरतात, पण झाड मरत नाही. थंडीत पांढरी, आत जांभळट रेघांची फुलं येतात. तेव्हा मात्र छाटू नका, मधमाश्या येतात. आपली पोरंही देठाकडून मध चोखतात, मी पाहिलंय.

आता औषधाचं, हे जरा नीट ऐका. खोकल्याच्या गोळ्या-सिरपमधलं ब्रोमहेक्सिन हे अडुळशातल्या व्हॅसिसीनवरूनच पुढे तयार झालं. तेव्हा आजीचा काढा म्हणजे नुसती समजूत नव्हे. पण म्हणूनच जपून. गरोदर बाईला अडुळसा अजिबात देऊ नये, त्याने गर्भाशय आकुंचन पावू शकतं. तान्ह्या बाळाला परस्पर चाटवू नये. खोकला लांबला किंवा रक्त पडलं तर काढा उकळत बसू नका, डॉक्टरांकडे जा. आणि पानं गेटजवळची तोडू नका, त्यांच्यावर रस्त्याची धूळ आणि धूर बसलेला असतो. मागच्या बाजूची घ्या, धुऊन घ्या.

राहिलं पार्किंग. मी टेप लावून मोजलं. पट्टा तीन फुटांचा आहे. मोटार मावणार नाही. दुचाक्या मावतील, नाही असं नाही. पण त्यांच्यासाठी पंपाच्या खोलीमागे जागा आहे, तिथला जुना भंगार माल हलवला की झालं. तसा लेखी प्रस्ताव मी सचिवांकडे दिला आहे.

झोपाळ्याजवळची छाटणी जूनच्या पहिल्या रविवारी करू. निघालेल्या फांद्या ज्यांना गावी बांधावर लावायच्या असतील त्यांनी न्याव्यात, उरलेला पाला खताच्या खड्ड्यात जाईल. कात्र्या आपापल्या आणा, सोसायटीची एकच आहे आणि तीही बोथट.