इंजिन तापते कशाने? घरच्या घरी तपासणी व उपाय
(भाषणाचा मजकूर)



लातूर व नांदेड जिल्ह्यांत सोयाबीनच्या राशी सुरू झाल्या की ट्रॅक्टर एका जागी उभा राहून तासन् तास मळणी यंत्र चालवतो. वर परतीच्या पावसाचे आभाळ असते. अशा वेळी इंजिन तापून बंद पडले तर हाताशी आलेला माल भिजतो. उन्हाळी नांगरटीत किंवा जीप, मोटार चालवतानाही हीच अडचण येते. बहुधा दोष किरकोळ असतो. परंतु तापलेले इंजिन तसेच दामटले तर हेड वाकते, पिस्टन जाम होतो आणि हंगाम हातचा जातो.

काटा लाल पट्ट्यात गेला की प्रथम भार काढावा. वाफ येत असल्यास इंजिन बंद करावे. रेडिएटरचे झाकण लगेच उघडू नये. आतील पाणी दाबाखाली असल्याने १०० अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण सैल होताच ते उसळून अंगावर येते. इंजिन पुरते निवू द्यावे, मग गोणपाटाने धरून झाकण हळू फिरवावे. तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतू नये, तडा जातो.

इंजिन निवल्यावर पुढील क्रमाने तपासणी करावी.

१) पाण्याची पातळी पाहावी. कमी असल्यास रबरी नळ्या, क्लिपा, खालचा कॉक व वॉटर पंप यांतून गळती शोधावी. झाकणाचा रबर फाटला असल्यास झाकण बदलावे.

२) रेडिएटरची जाळी पाहावी. राशीच्या वेळी भूस व धूळ जाळीत बसून हवा अडते. इंजिन बंद ठेवून, पंख्याच्या बाजूने पुढे, कमी दाबाने पाणी मारावे. जाळीचे पत्रे वाकवू नयेत. राशीच्या दिवसांत हे काम रोज करावे.

३) पंख्याचा पट्टा अंगठ्याने दाबावा. साधारण अर्ध्या इंचापेक्षा जास्त दबल्यास तो ताणावा. तडे असल्यास बदलावा. नव्या मोटारींत पंखा विजेवर चालतो. इंजिन तापूनही तो फिरत नसेल तर फ्यूज पाहावा. हा पंखा अचानक सुरू होतो, हात दूर ठेवावा.

४) काटा वर, पण रेडिएटरची वरची नळी थंड असेल तर थर्मोस्टॅट अडकलेला असू शकतो. तो काढून पातेल्यातील पाण्यात टांगावा व पाणी तापवावे. त्यावर छापलेल्या अंशाच्या सुमारास, बहुधा ८० अंशांच्या आसपास, तो उघडला पाहिजे. न उघडल्यास नवा बसवावा. काही जण तो कायमचा काढून टाकतात. त्याने इंजिन थंड राहून डिझेल जास्त जळते व झीज वाढते.

५) पाण्यात सतत बुडबुडे, ऑईल ताकासारखे पांढरे किंवा गळती नसताना पाणी कमी होणे, ही हेड गॅसकेट गेल्याची लक्षणे आहेत. येथे घरचा उपाय थांबवून मिस्त्रीला बोलवावे.

इतके करूनही इंजिन तापत असेल तर पाण्याचा विचार करावा. आपल्याकडे बऱ्याच बोअरचे पाणी जड असते. पाणी तापवण्याच्या भांड्यात जो पांढरा थर धरतो, तोच रेडिएटरच्या नळ्यांत व इंजिनच्या आत धरतो आणि उष्णता बाहेर जाऊ देत नाही. लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. अशा टंचाईत मिळेल ते पाणी रेडिएटरमध्ये पडते. त्यापेक्षा बॅटरीचे पाणी व कूलंट, पुस्तिकेत दिलेल्या प्रमाणात भरावे. निदान पत्र्यावरचे स्वच्छ गाळलेले पावसाचे पाणी कॅनमध्ये साठवावे. जुने पाणी काढून, स्वच्छ पाणी येईपर्यंत रेडिएटर धुवावा. ॲसिड किंवा कॉस्टिक सोडा वापरू नये. धातू खाल्ला जातो. काढलेले कूलंट विषारी असते. ते जनावरांच्या तोंडी लागू देऊ नये.

राशीला लागण्याच्या आठ दिवस आधी ही तपासणी केलीत तर यंत्र ऐन वेळी दगा देणार नाही.