शिकवणाऱ्यांना शिकवताना

(शिक्षकांच्या प्रशिक्षण वर्गात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



'प्रशिक्षकाने विषय कसा मांडावा' यावर बोलण्याची आज्ञा मला झाली आहे. मी उत्तम वक्ता आहे म्हणून हा विषय माझ्याकडे आला, असा गैरसमज कोणी करून घेऊ नये. मी एकदा फार वाईट प्रशिक्षण दिले होते आणि ते अध्यक्षसाहेबांना ठाऊक आहे, एवढेच त्याचे कारण. तेव्हा तेथूनच सुरुवात करतो.

काही वर्षांपूर्वी अल्पसंख्याक विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीचे अर्ज संगणकावर भरण्याची पद्धत नवीन होती. आसपासच्या शाळांतील शिक्षकांना ती समजावून देण्याचे काम माझ्याकडे आले. मी दोन रात्री जागून चाळीस स्लाइड तयार केल्या. वर्गाच्या दिवशी खिडक्या बंद केल्या, दिवे मालवले आणि पडद्याकडे तोंड व श्रोत्यांकडे पाठ करून दीड तास वाचत राहिलो. शेवटी विचारले, "काही शंका?" कोणीच बोलले नाही. सर्वांना समजले, असे मी समजलो.

दोन महिन्यांनी अर्ज परत येऊ लागले. कुणाचे आधारवरील आणि बँकेतील नाव जुळत नव्हते. एकीकडे 'शेख' आधी, दुसरीकडे शेवटी. कुणाचे खाते व्यवहाराअभावी बंद पडलेले. या दोन्ही गोष्टी मी सांगितल्या होत्या. छत्तिसाव्या स्लाइडवर! तोपर्यंत अर्धे श्रोते पेंगत होते आणि उरलेल्यांचे लक्ष घड्याळाकडे होते. एका मुलीचे वडील, हमाली करणारे, शाळेत येऊन मला म्हणाले, "सर, आमचं काय चुकलं?" त्यांचे काहीच चुकले नव्हते. मुलीचे त्या वर्षीचे पैसे मात्र गेले. पुढे एका वयोवृद्ध सहकाऱ्यांनी मला बाजूला घेऊन सांगितले, "पहिल्या दहा मिनिटांनंतर मला काही उमगलं नाही. पण एवढ्या लोकांत विचारायची लाज वाटली."

वाचकहो, मोठ्या माणसांना शिकवणे आणि मुलांना शिकवणे यांतला फरक मला त्या दिवशी कळला. मुलाला समजले नाही तर ते चुळबुळ करते, शेजाऱ्याला चिमटा काढते. मोठा माणूस मान डोलावतो. बी.एड.ला आम्ही पाठटाचणे पुष्कळ लिहिली. पण मान डोलावणाऱ्या माणसाला ओळखायचे कसे, हे त्यांत कोठेच नव्हते.

मग मी शोध घेऊ लागलो, आणि उत्तर आपल्या तालुक्याच्या गावीच निघाले. डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 साली जामखेडला ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. 1979 साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, हे आपण जाणताच. परंतु मला त्यातील शिकवण्याची रीत महत्त्वाची वाटते. आरंभी त्यांनी शिकलेल्या परिचारिका खेड्यांत पाठवल्या. ते जमले नाही. मग गावानेच आपल्यातील एक बाई निवडावी, असे ठरले. यांतल्या पुष्कळ जणी निरक्षर, कित्येक दलित समाजातल्या. त्या जामखेडला नियमाने येत, एकत्र राहत, एकत्र जेवत. डॉक्टरही त्यांच्याबरोबर जमिनीवर गोलात बसत. आधी बाईने बोलायचे : गावात काय पाहिले, काय केले, कोणते मूल आजारी पडले. डॉक्टरांचे सांगणे त्यानंतर. शिकलेले तिने गावात जाऊन सांगायचे, आणि तिथे काय घडले ते पुढच्या खेपेला येऊन पुन्हा गोलात मांडायचे. लिहून घेणे शक्यच नव्हते. म्हणून जे सांगायचे ते बोलून दाखवता येईल आणि करून दाखवता येईल, असेच असावे लागे. चाळीस स्लाइडला तेथे जागाच नव्हती.

या कार्यकर्त्यांपैकी मुक्ताबाई पोळ 1988 साली वॉशिंग्टनला एका आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषदेत बोलल्या. समोर जगभरचे तज्ज्ञ, डोक्यावर मोठमोठी झुंबरे. त्यांनी त्या झुंबरांकडेच बोट दाखवले. डॉक्टर मंडळी या झुंबरांसारखी सुंदर, पण महाग आणि हाताला न लागणारी, अशा आशयाचे त्या बोलल्या. मग पिशवीतून दोन साध्या वातीच्या चिमण्या काढल्या, एक पेटवली आणि तिच्यावरून दुसरी. हे झुंबराला जमत नाही, आमच्यासारख्या बायांना जमते, एवढाच त्यांचा मुद्दा. सारे सभागृह उभे राहिले. जरा विचार करा : दृष्टांताचा अर्धा भाग त्यांनी समोरच्यांच्याच छतावरून उचलला होता! घरून आणली ती फक्त चिमणी.

आपल्या दीनी परंपरेतही हे शिक्षण आहे, पण आपण ते केवळ वाझमध्ये ऐकतो, वर्गात आणत नाही. हजरत मुहम्मद पैगंबर (स.) इतके सावकाश बोलत की ऐकणाऱ्याने मनात आणले तर शब्द मोजावेत, असे हजरत आयशा (र.) यांच्याकडून हदीसमध्ये आले आहे. महत्त्वाचे वाक्य ते तीनदा सांगत. कधी जमिनीवर रेघा ओढून आशय दाखवीत. रेती हाच त्यांचा फळा. आणि हजरत मूसा (अ.) यांनी तर फिरऔनकडे जाण्यापूर्वी आपल्या जिभेची गाठ सुटावी, लोकांना आपले बोलणे समजावे, अशी दुआ मागितल्याचे कुराणात आहे. नबींना जे मागावे लागले ते आपल्याला नोकरीच्या आदेशाबरोबर आपोआप मिळते, असे आपण का समजतो, कोण जाणे.

एक घरचे उदाहरण सांगतो. खर्ड्याची मार्च 1795 ची लढाई मी वर्गात अनेकदा शिकवली. फौजा, सरदार, तहाची कलमे, सारे सांगितले. मुलांनी सारे विसरून दाखवले. एके वर्षी वर्ग किल्ल्यात नेला. लढाई हरल्यावर निजामाने याच किल्ल्याचा आसरा घेतला, एवढेच सांगितले आणि विचारले, "इतकी माणसं, इतकी जनावरं इथं कोंडली, बाहेर वेढा. पहिल्यांदा काय संपेल?" क्षणभरात चारी बाजूंनी उत्तर आले, "पाणी!" आमची मुले दुष्काळी भागातली, टँकरच्या रांगेत उभी राहिलेली. पुढचा तह त्यांनीच मला समजावून सांगितला म्हणा ना.

दुसऱ्या वर्षी शिष्यवृत्तीचा वर्ग पुन्हा माझ्याकडेच आला. (दुसरे कोणी तयार नव्हते, हे खरे कारण.) या वेळी पडदा नव्हता. प्रत्येकाला एक कोरा अर्ज आणि एका काल्पनिक मुलाची कागदपत्रे दिली. कागदपत्रांत मुद्दाम दोन चुका ठेवल्या होत्या. दोघादोघांच्या जोड्या केल्या आणि मी गप्प बसलो. हे गप्प बसणे फार अवघड असते. दहाव्या मिनिटाला मागच्या बाकावरून आवाज आला, "अहो, या पोराचं नाव तर जुळतच नाही!" तेच वयोवृद्ध सहकारी होते. मग मी त्यांनाच फळ्याजवळ बोलावले आणि पुढची वीस मिनिटे ते बोलले. मला जे छत्तिसाव्या स्लाइडवर सांगायचे होते ते त्यांनी पहिल्यांदाच सांगितले, तेही माझ्यापेक्षा अर्ध्या वेळात. त्या वर्षीही काही अर्ज परत आले, नाही असे नाही. पण नावाच्या चुकीपायी एकही नाही.

माझी वेळ संपत आली आहे आणि चहाला अजून अवकाश आहे. आपल्यापुढे एकेक कोरा कागद ठेवला आहे. पुढच्या महिन्यात आपण जो विषय सहकाऱ्यांना शिकवणार आहात, त्यात कोणती एक चूक झाली तर मुलाचे नुकसान होईल, ती एका ओळीत लिहावी. वाचकांनी स्मरणिकेच्या समासात लिहिली तरी चालेल. आणि ती शेजाऱ्याला वाचून दाखवा. तो नुसती मान डोलावील तर त्याला म्हणा, "आता तुम्ही मला सांगा."