बंद कपाटांतील साक्षीदार

(संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



इतिहासाच्या तासाला एखादा चुणचुणीत मुलगा हमखास विचारतो, "सर, पुस्तकात लिहिले आहे ते खरे कशावरून?" काही शिक्षकांना असा प्रश्न आगाऊपणाचा वाटतो. मला तो सर्वांत मोलाचा वाटतो. आज त्याच प्रश्नाचे उत्तर आपल्याबरोबर शोधावयाचे आहे, आणि त्यासाठी मी आपणास रशियातील दप्तरखान्यांत घेऊन जाणार आहे.

सोव्हिएत संघ १९९१ साली संपुष्टात आला. या राजवटीची एक सवय होती. जे करावयाचे ते लोकांपासून लपवावयाचे, पण कागदावर मात्र काळजीपूर्वक लिहून ठेवावयाचे. प्रत्येक हुकूम, सही, शिक्का आणि आकडा जपून ठेवलेला असे. राजवट ढासळू लागली तशी यांतील काही कपाटे उघडली गेली.

त्यांतला पहिला कागद युद्धकाळातील मुत्सद्देगिरीचा. २३ ऑगस्ट १९३९ रोजी मॉस्कोत जर्मनीचा परराष्ट्रमंत्री रिबेनट्रॉप आणि रशियाचा मोलोटोव्ह यांनी अनाक्रमणाचा करार केला. जगाला तेवढेच दाखविण्यात आले. त्याबरोबर एक गुप्त पुरवणीही होती. तीत पोलंड आणि बाल्टिक देश यांची परस्पर वाटणी केलेली होती. असा कागद अस्तित्वातच नाही, असे मॉस्को पन्नास वर्षे ठासून सांगत राहिले. डिसेंबर १९८९ मध्ये तेथील संसदेने या पुरवणीचा निषेध केला आणि १९९२ साली मूळ कागदच दप्तरात सापडला. नाही नाही म्हणत होते, ते त्यांच्याच कपाटात होते!

या वाटणीचा परिणाम काय झाला, ते दुसरा कागद सांगतो. सप्टेंबर १९३९ मध्ये पश्चिमेकडून जर्मन व पूर्वेकडून सोव्हिएत फौजा पोलंडात शिरल्या आणि हजारो पोलिश अधिकारी रशियाच्या कैदेत पडले. मार्च १९४० मध्ये गुप्त पोलिसांचा प्रमुख बेरिया याने त्यांना गोळ्या घालण्याचा प्रस्ताव लिहिला. त्यावर स्तालिन आणि त्याच्या सहकाऱ्यांच्या सह्या आहेत. १९४३ साली कातिनच्या जंगलात प्रेते सापडली, तेव्हा मॉस्कोने हे काम जर्मनांचे म्हणून जाहीर केले. पुढे १९५९ साली गुप्तचर खात्याच्या प्रमुखाने क्रुश्चेव्हला एक टिपण लिहिले. त्यात ठार केलेल्यांचा आकडा आहे: २१,८५७. या लोकांच्या फायली नष्ट कराव्यात, असेही त्यात सुचविलेले आहे. १९९० साली गोर्बाचेव्ह यांच्या सरकारने गुन्हा कबूल केला आणि १९९२ साली हे कागद पोलंडच्या स्वाधीन करण्यात आले. त्या मृतांच्या मुलांना खरे ऐकण्यासाठी अर्धे शतक थांबावे लागले.

तिसरा कागद हेरगिरीचा. जून १९४१ मध्ये जर्मन वायुदलाच्या मुख्य कचेरीतील एका हस्तकाने मॉस्कोला कळविले की हल्ल्याची तयारी पूर्ण झाली आहे. त्या अहवालावर स्तालिनने स्वतःच्या हाताने, शिवी देऊन, शेरा मारला की हा खबऱ्या नव्हे, दिशाभूल करणारा आहे. आठवडा उलटण्यापूर्वीच, २२ जूनला, जर्मन रणगाडे सीमा ओलांडून आत आले. खरी बातमी टेबलावर पडली होती. पण ऐकणाऱ्याने मन आधीच बंद केले होते.

आता मित्रांनो, जरा सावध व्हा. आतापर्यंत मी म्हटले की कागद खरे बोलतो. पण कागद खोटेही बोलतो. १९३७ आणि १९३८ या दोन वर्षांत तेथील गुप्त पोलिसांच्या प्रकरणांत, त्यांच्याच हिशेबाप्रमाणे, ६ लाख ८१ हजार ६९२ लोकांना मृत्युदंड फर्मावण्यात आला. कित्येकांच्या फायलींत 'मी परकीय हेर आहे' असा कबुलीजबाब सहीनिशी आहे. तो मारझोड करून घेतलेला! यात आपल्या देशाचे क्रांतिकारकही होते. सरोजिनी नायडूंचे बंधू वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय यांना १९३७ साली, तर बंगालचे गुलाम अंबिया खान लोहानी यांना १९३८ साली गोळी घालण्यात आली. १९२१ साली स्वातंत्र्यासाठी मदत मागावयास जे भारतीय मॉस्कोला गेले होते, त्यांत हे दोघे होते आणि आपल्या वर्ध्याचे पांडुरंग खानखोजेही होते. खानखोजे पुढे मेक्सिकोला जाऊन कृषिशास्त्रज्ञ झाले, म्हणून वाचले.

आणि मारल्या गेलेल्यांच्या घरच्यांना काय सांगत? 'दहा वर्षांची कैद, पत्रव्यवहाराची परवानगी नाही.' बायको दहा वर्षे वाट पाही. पुढे १९५५ साली गुप्त हुकूम निघाला की अशा कुटुंबांना, तो माणूस छावणीत वारला, असे सांगावे. त्याप्रमाणे मृत्यूच्या दाखल्यावर खोटी तारीख आणि खोटा आजार लिहून मिळे. दाखला सरकारी, शिक्का अस्सल. मजकूर मात्र खोटा.

शेवटचा कागद आपल्या काळजाला भिडणारा आहे. ११ मे १९४४ च्या हुकुमाने क्रिमियातील सर्व तातार मुसलमानांना गद्दार ठरविण्यात आले. काही तातार जर्मनांच्या बाजूने लढले होते, हे खरे. पण हजारो तातार लाल सेनेतही लढत होते. 'सोव्हिएत संघाचा वीर' हा किताब दोनदा मिळविणारा वैमानिक अमेतखान सुलतान याची आई तातारच होती. तरी १८ मेच्या पहाटे बायका, मुले, म्हातारे, सर्वांना मालगाड्यांत कोंबले. बेरियाच्या अहवालात १ लाख ८३ हजारांवर माणसे पाठविल्याची नोंद आहे. बहुतेकांना उझबेकिस्तानात नेले आणि पहिल्या काही वर्षांतच त्यांतील फार मोठी संख्या उपासमारीने व रोगराईने मेली. सरसकट गद्दारीचा आरोप १९६७ साली मागे घेतला गेला, पण घरी परतण्याची वाट १९८० च्या दशकाच्या अखेरीसच मोकळी झाली. काहींच्या करणीसाठी सगळ्या जमातीला दोषी धरले की काय होते, ते हा कागद सांगतो. हा अन्याय आपल्यावर होऊ नये असे वाटत असेल, तर आपल्या घरातही 'ती माणसे सगळी तशीच' हे वाक्य उच्चारता कामा नये.

मग खरे कशावरून ओळखावे? बंधूंनो, ही विद्या आपल्याला परकी नाही. हदीस गोळा करणाऱ्या इमाम बुखारींसारख्या विद्वानांनी प्रत्येक कथनामागे साखळी तपासली. कोणी सांगितले, त्याने कोणाकडून ऐकले, दोघांची भेट होऊ शकत होती का, माणूस विश्वासू होता का? यालाच आपण इस्नाद म्हणतो. दप्तरातील कागदालाही हेच प्रश्न विचारावयाचे असतात. तो कोणी लिहिला, केव्हा, कोणासाठी, आणि कोणाच्या धाकाने? पवित्र कुरआनात कर्जाचा व्यवहार लिहून ठेवण्याचा व साक्षीदार घेण्याचा आदेश सूरह बकरामध्ये आहे. आणि कोणी बातमी आणली तर आधी शहानिशा करा, असे सूरह हुजुरातमध्ये बजावले आहे. लिहून ठेवणे आणि तपासून घेणे, ही दोन्ही कर्तव्ये आपल्यावर आहेत.

पालकांना माझी विनंती एवढीच. घरातले जुने कागद, दाखले, वडीलधाऱ्यांची पत्रे रद्दीत घालू नका. आणि मूल 'कशावरून?' म्हणाले, तर त्याला गप्प बसवू नका. विद्यार्थी मित्रांनो, मोबाइलवर कोणाविषयी काही आले, तर पुढे पाठविण्यापूर्वी त्याचा इस्नाद विचारा.

रशियात उघडलेल्या कपाटांपैकी काही पुन्हा बंद झाली आहेत. मारल्या गेलेल्यांची नावे शोधून नोंदविणारी 'मेमोरियल' ही संस्था २०२१ साली न्यायालयाच्या हुकुमाने बरखास्त करण्यात आली. पण जी नावे एकदा वाचली गेली, ती आता कोणाला पुसता येणार नाहीत. आपल्याला पहिला हुकूम मिळाला तो 'इक्रा', म्हणजे 'वाच'. वाचा, आणि तपासून वाचा.

खुदा हाफिज.