शेतांत पिकणारें इंधन

खनिज तेल म्हणजे पृथ्वीच्या पोटांत कोट्यवधि वर्षें सांठत आलेली वडिलार्जित पुंजी होय. ती आपण खर्च करूं शकतों. परंतु तींत भर घालणें आपल्या हातीं नाहीं. बसून खाल्लें असतां डोंगरहि पुरत नाहीं, ही म्हण येथें अक्षरशः लागू पडते. याच्या उलट, शेतांत उगवणारें इंधन हें वार्षिक उत्पन्नासारखें आहे. वनस्पति सूर्यप्रकाशाच्या साहाय्यानें हवेंतील कर्बवायु घेऊन आपलें शरीर घडविते. तिच्यापासून केलेलें इंधन जाळलें म्हणजे तोच वायु हवेंत परत जातो व पुढील पिकाच्या उपयोगीं पडतो. म्हणून अशा इंधनांस अक्षय इंधनें म्हणतात. हें विशेषण कितपत यथार्थ आहे, याचा आज आपण विचार करूं.

ही कल्पना नवी नव्हे. १९०० सालीं पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनांत डीझेल पद्धतीचें एक एंजिन भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखविण्यांत आलें होतें. पुढें खनिज तेल स्वस्त व विपुल मिळूं लागलें आणि तो मार्ग मागें पडला. १९७३ सालीं तेलाचे भाव एकाएकीं भडकले, तेव्हां ब्राझील देशानें १९७५ पासून उसाचा मद्यार्क मोटारींत वापरण्याची राष्ट्रीय योजना हातीं घेतली. आपल्या देशांत २००१ सालीं महाराष्ट्रांतील मिरज व मनमाड आणि उत्तर प्रदेशांतील बरेली या भागांत पेट्रोलमध्यें मद्यार्क, म्हणजेच इथेनॉल, मिसळण्याचे प्रयोग झाले. २०२२ सालीं हें प्रमाण शेंकडा १० वर आणि २०२५ सालीं शेंकडा २० वर पोंचलें.

या धोरणामागें सबळ कारणें आहेत. आपणांस लागणाऱ्या कच्च्या तेलापैकीं शेंकडा ८५ हून अधिक तेल परदेशांतून विकत आणावें लागतें. शिवाय साखरेचा भाव उतरला कीं शेतकऱ्याचें उसाचें बिल थकतें. मद्यार्काच्या विक्रीमुळें कारखान्याच्या हातीं पैसा लवकर येतो. हे दोन्ही लाभ खरे आहेत; त्यांस कमी लेखण्याचें कारण नाहीं.

परंतु मद्यार्क कशापासून केला, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. साखर काढून घेतल्यावर उरलेल्या मळीपासून तो केला, तर तो उरल्यासुरल्या वस्तूचा सदुपयोग होय. थेट उसाचा रसच त्याकडे वळविला, तर मात्र उसानें प्यालेल्या पाण्याचा हिशेब इंधनाच्या खात्यावर मांडावा लागतो. नीति आयोगानें २०२१ सालीं प्रसिद्ध केलेल्या अहवालाप्रमाणें, अशा एक लिटर मद्यार्कामागें सुमारें २,८६० लिटर पाणी लागतें.

हा आंकडा नुसता ऐकून मनांत ठसत नाहीं. म्हणून शाळेंतील एक त्रैराशिक मांडूं. २०१६ च्या एप्रिल महिन्यांत लातूर शहरास पिण्याचें पाणी आगगाडीनें पुरवावें लागलें. तें पाणी गेलें मिरजेहूनच. पहिल्या गाडीस दहा टाक्या होत्या आणि त्यांत सुमारें ५ लक्ष लिटर पाणी होतें. तेवढें पाणी उसास घालून त्याचा मद्यार्क केला, तर तो भरेल सुमारें १७५ लिटर. म्हणजे चार-पांच मोटारींच्या टाक्यांत मावेल इतका! उसाचें सारेंच पाणी विहिरीचें वा कालव्याचें नसतें, त्यांत पावसाचा वांटा असतो, हें मान्य केलें तरी हें उत्तर विचार करावयास लावणारें आहे.

हें इंधन पावसाच्या लहरीपासूनहि मुक्त नाहीं. २०२३ सालीं पाऊस कमी पडून साखर घटण्याचीं चिन्हें दिसतांच सरकारनें डिसेंबरांत उसाच्या रसापासून मद्यार्क करण्यावर निर्बंध घातले. ते २०२४ सालीं उठविण्यांत आले. अन्न आणि इंधन यांची ओढाताण सुरू झाली म्हणजे अन्नासच अग्रमान द्यावा लागतो, हाच याचा अर्थ.

मग हा मार्ग सोडून द्यावा काय? मुळींच नाहीं. क्रम तेवढा नीट लावावा. मळी आहे, खाण्यास अयोग्य झालेलें धान्य आहे, शेतांत जाळून टाकला जाणारा पेंढा आहे. पानिपत येथें २०२२ सालीं जो कारखाना उभा राहिला, तो वर्षास सुमारें २ लक्ष टन भाताच्या पेंढ्यापासून ३ कोटी लिटर मद्यार्क करण्याच्या हेतूनें योजलेला आहे. हॉटेलांतील तळणीचें वापरलेलें तेल गोळा करून त्याचें डीझेल करण्याची योजनाहि २०१८ पासून आंखलेली आहे. हीं कामें खर्चाचीं व कष्टाचीं आहेत खरीं. परंतु त्यांसाठीं कोणाच्या ताटांतील घांस किंवा कोणाच्या घागरींतील पाणी काढून घ्यावें लागत नाहीं.

श्रोते हो, मुद्दलास हात न लावतां जें मिळतें, तेंच खरें उत्पन्न. शेताचें मुद्दल म्हणजे माती आणि पाणी. तें शाबूत ठेवून जें इंधन पिकेल, त्यालाच अक्षय म्हणावें. बाकीचें इंधन म्हणजे एक पुंजी वांचविण्यासाठीं दुसरी खर्चीं घालणें होय.