हे बघितलंत का?



काही माणसांच्या पोटात चांगली गोष्ट राहत नाही, आणि मी त्यांतलीच एक. कुठं झणझणीत मिसळ मिळाली, एखादं चित्र आवडलं, की घरी पोचायच्या आत चार जणांना ते कळलेलं असतं. पण सांगण्या-सांगण्यातही फरक असतो. "अय्या, तुम्ही अजून तो पिक्चर पाहिला नाही?" असं विचारणारी माणसं आधी आपल्याला दोन पायऱ्या खाली उतरवतात आणि मग पिक्चरबद्दल सांगतात. अशा माणसांमुळं कितीतरी चांगले चित्रपट मी हट्टानं पाहिलेले नाहीत! दुसरी माणसं म्हणतात, "वेळ आहे का? चला, दाखवते." ही दुसरी मला आवडतात.

आकाशवाणीला तर ही हौस फार जुनी. 'आपली आवड' हा फर्माइशींचा कार्यक्रम आठवतो का? गाणं असायचं तीन-साडेतीन मिनिटांचं, पण त्याआधी गावोगावची नावं. आई, बाबा, ताई, शेजारचा बंडू, कधी अख्खी आळी. ते गाणं स्वतःला तर पाठच असायचं. पण आपल्याला आवडलेलं इतरांच्याही कानावर पडावं, म्हणून लोक पोस्टकार्डाचे पैसे खर्च करत.

मी कोल्हापूरची. पाहुणे आले की त्यांचा कार्यक्रम ठरलेला असतो. अंबाबाई, रंकाळा, आणि जेवायला तांबडा-पांढरा रस्सा. तांबड्याचं कौतुक करायला कुणाला शिकवावं लागत नाही, तो स्वतःच बोलतो. मी पाहुण्यांना पांढऱ्याकडं वळवते. मटणाचं पाणी, खसखस, तीळ, खडा मसाला आणि शेवटी नारळाचं दूध. ते घातल्यावर चुलीपाशी उभ्या असलेल्या बाईनं फोन घ्यायचा नाही. रस्सा खळखळून उकळला की फुटलाच. चांगल्या पांढऱ्यात मिरीचा झटका घोट गिळल्यावर येतो, आधी नाही. हे एवढं सांगितलं की पाहुणा वाटी तोंडाला लावून थांबतो आणि वाट बघतो. तो झटका आल्यावरचा त्याचा चेहरा, हा माझा त्या जेवणातला वाटा.

मग गंगावेशीतला दूध कट्टा. म्हशी रस्त्याकडेला येऊन उभ्या राहतात, गिऱ्हाईक समोर, आणि धार थेट ग्लासात. वर बोटभर फेस. कच्च्या दुधाबद्दल डॉक्टर मंडळी काय म्हणतात ते मला ठाऊक आहे, म्हणून मी बघायची शिफारस करते, प्यायची तुमची तुम्ही ठरवा. बघायचं काय? तर म्हैस पान्हा सोडेपर्यंत माणसं कशी थांबतात ते. गाडीचा हॉर्न दाबून ठेवणारे तालेवारही तिथं गप उभे असतात. म्हशीपुढं कुणाची वट चालत नाही.

याच शहरात बाबूराव पेंटर झाले. नाटकांचे पडदे रंगवणारा हा माणूस सिनेमाच्या नादाला लागला, आणि कॅमेरा विकत घेणं परवडत नाही म्हणून कोल्हापुरातच त्यांनी आणि त्यांच्या मंडळींनी स्वतःचा कॅमेरा तयार केला. १९२० साली 'सैरंध्री' आला. लोकमान्यांनी तो पाहून बाबूरावांना 'सिनेमा केसरी' म्हटलं. हे आपल्याकडं बऱ्याच जणांना माहीत असतं. पण बाबूरावांची चित्रपट कंपनी उभी करायला भांडवल कुणी पुढं केलं? तानीबाई कागलकर यांनी. त्या गायिका होत्या. गाण्यावर कमावलेला पैसा, ज्या धंद्याचं पुढं काय होणार हे कुणालाच ठाऊक नव्हतं, त्यात त्यांनी घातला. शांताराम, दामले, फत्तेलाल ही सगळी पुढं 'प्रभात' काढणारी माणसं याच कंपनीत तयार झाली. 'प्रभात'ची नावं आपण घडाघडा म्हणतो. तानीबाईंचं नाव सांगितलं की लोक "कोण?" म्हणतात. म्हणून मी ते जिथं संधी मिळेल तिथं सांगते. आज रेडिओवर संधी मिळाली.

आता मला खरं जे सांगायचंय त्याकडं येते. लग्नाचा बस्ता बांधायला आमच्याकडची माणसं गांधीनगरला जातात. शहराला लागून आहे, कापडाची मोठी घाऊक पेठ. आम्ही असाच कुणाच्या तरी लग्नाचा बस्ता बांधत होतो. बायका साड्यांच्या ढिगात, आणि माझे थोरले मामा दुकानाच्या पायरीवर कंटाळून बसलेले. मी बाहेर आले तर म्हणाले, "इथं पूर्वी गोरी माणसं राहायची. इंग्रज नव्हेत हं." एवढंच. पुढं काही बोलेनात. शेवटी मीच खोदून खोदून विचारलं.

ती पोलंडची माणसं होती. १९३९ साली जर्मनी आणि रशिया या दोघांनी पोलंड वाटून घेतला. पूर्वेकडच्या लाखो माणसांना रशियानं मालगाड्यांत कोंबून सैबेरियात, कझाकस्तानात नेऊन टाकलं. १९४१ साली हिटलर रशियावरच उलटला, तेव्हा त्यांतल्या काहींची सुटका झाली. उपाशी, आजारी, बापाविना उरलेली कुटुंबं इराणमार्गे बाहेर पडली. त्यांतली काही हिंदुस्थानात आली. जामनगरच्या जामसाहेबांनी बालाचडीला पोरक्या मुलांना आसरा दिला, आणि १९४३ पासून कोल्हापूरजवळ वळिवड्याला, म्हणजे आजच्या याच गांधीनगरच्या जागी, सुमारे पाच हजार माणसांची वसाहत उभी राहिली. बहुतेक बायका आणि मुलं. कौलारू बराकींच्या रांगा, शाळा, दवाखाना, चर्च. १९४८ पर्यंत ती इथं होती.

आपण चटकन म्हणतो, आपल्या राजांनी त्यांना पोसलं. हिशेब नीट सांगायचा तर छावणीचा खर्च लंडनमध्ये असलेल्या पोलिश सरकारच्या खात्यावर होता. मग आपण काय दिलं? मामांकडं त्याचं उत्तर होतं. त्यांचे वडील बैलगाडीतून भाजी आणि शेंगा घेऊन छावणीवर जायचे. मामा तेव्हा पोर, गाडीत बसून जायचे. पोलिश बायका बोटांनी आकडे दाखवत घासाघीस करायच्या. "आपल्या बायकांसारखीच," मामा म्हणाले, "तीन बोटं दाखवली की दोन दाखवणार." आजोबा भावात एक पै सोडायचे नाहीत. पण बरोबर पोर असलं, की माप झाल्यावर त्याच्या खिशात मूठभर शेंगा ओतायचे. बस्स. उपकार वगैरे शब्द त्यांच्या डोक्यातही नसतील. त्या पोरांनी मात्र त्याआधीच्या वर्षांत काय काय भोगलं होतं, ते आजोबांना कधी कळलंही नसावं.

मामांनी नंतर एक गोष्ट सांगितली ती मला अजून पुरती पचलेली नाही. पोलिश गेले, आणि त्याच बराकींत फाळणीनं घरादारांतून उठवलेले सिंधी आले. एका मुलखातून हाकललेल्या माणसांनी सोडलेल्या खोल्या, दुसऱ्या मुलखातून हाकललेल्यांनी झाडून घेतल्या. ज्या दुकानाच्या पायरीवर मामा बसले होते ते अशाच एका कुटुंबाचं. आत आमच्या बायका दोन बोटं दाखवत होत्या.

त्या पोलिश माणसांचा स्मृतिस्तंभ कोल्हापुरात महावीर उद्यानात आहे. सकाळी फिरायला येणारे रोज त्याच्या शेजारून जातात, पण थांबून वाचणारे थोडेच. तिकडं वॉर्सॉत कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे. २०२४ च्या ऑगस्टमध्ये पंतप्रधान तिथं गेले, टीव्हीवर दिसलं, आणि मग आमच्याकडं एकदम विचारपूस सुरू झाली. आपल्या बागेतला दगड कळायला वॉर्सॉपर्यंत जावं लागलं, त्याला काय म्हणायचं!

मामांच्या त्या एका वाक्यामुळं मला पोलंड जवळचा वाटायला लागला, आणि मी तिकडचे चित्रपट शोधून बघू लागले. त्यांतला एक सांगते. दिग्दर्शक क्षिश्तॉफ किश्लोव्हस्कीचा, १९७९ सालचा, 'कॅमेरा बफ'. कारखान्यातला एक साधा नोकरदार, मुलगी झाली म्हणून तिचं चित्रण करायला छोटा कॅमेरा विकत घेतो. पुढं त्या कॅमेऱ्यापायी संसार कसा विस्कटतो ते चित्रपटात बघा. मी फक्त एक प्रसंग सांगते. त्याचा मित्र शववाहिका चालवतो. त्या मित्राला आणि त्याच्या आईला यानं सहज, हात बसावा म्हणून टिपलेलं असतं. आई खिडकीत उभी, हात हलवतेय. एवढीच काही सेकंदांची फीत. पुढं ती आई वारते. मित्र येतो आणि म्हणतो, ती फीत लाव. अंधाऱ्या खोलीत म्हातारी पुन्हा खिडकीतून हात हलवते आणि मुलगा बघत राहतो. कॅमेऱ्यानं त्या माणसाचं वाटोळं केलं की भलं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. तुम्ही बघितलात तर मला कळवा, भांडू आपण.

अलीकडं मात्र सांगणारी मी नव्हते, ऐकणारी होते. स्टेशनवरून रिक्षात बसले, बोलता बोलता खिद्रापूरचा विषय निघाला. तिथल्या कोपेश्वराच्या देवळात स्वर्गमंडप आहे, छताला मधोमध गोल मोकळं आकाश. मी कितीदा तरी पाहिलंय, आणि तसं म्हणालेही, जरा ऐटीतच. रिक्षावाले म्हणाले, "ताई, सगळे वरच बघतात. खाली हत्ती बघितलेत का? जोत्याला हत्ती आहेत रांगेनं, अख्खं देऊळ पाठीवर घेऊन. त्यांवर बसलेल्यांपैकी एकेकाचं तोंड नीट बघा."

मी हत्तींची रांग पाहिली होती. स्वारांची तोंडं पाहिली नव्हती. येत्या रविवारी सकाळच्या एसटीनं जायचं ठरलंय. माझ्या दोघी मैत्रिणी येतायत, आणि रिक्षावाल्यांनाही म्हटलं, चला. ते म्हणाले, रविवारी धंदा असतो.